जिन्याचा गालिचा : निवड आणि बसवणी

म्हैसूरच्या आग्नेयेस उभ्या असलेल्या चामुंडी टेकडीवर जाण्यासाठी सुमारे एक हजार दगडी पायऱ्या आहेत. राजा दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात, सन १६५९ मध्ये, त्या बांधल्या गेल्याचे सांगितले जाते. सातशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर भव्य नंदीचे दर्शन होते. आजही अनेक भाविक प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावीत अनवाणी वर जातात. या पायऱ्या ओबडधोबड आहेत, ठिकठिकाणी झिजल्या आहेत, तरीही अनवाणी पाय त्यांच्यावर सहसा घसरत नाही, कारण दगडाचा पृष्ठभाग खरखरीत आहे. शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यातील काळा ग्रॅनाइट दूरवर प्रसिद्ध आहे. तोच दगड यंत्रावर आरशासारखा घासून आज म्हैसूरच्या नव्या घरांतील जिन्यांवर बसविला जातो. तो दिसतो देखणा, पण ओल्या पावलाला त्याचा भरवसा वाटत नाही. घरातील जिन्यावर गालिचा घालावा का, हा विचार बहुधा इथूनच सुरू होतो.

म्हैसूरशी बँकिंग क्षेत्राचे नाते तसे जवळचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापणारा एक मुद्रणालय-प्रकल्प १९९६ पासून याच शहरात चालू आहे. बदलीच्या निमित्ताने येथे आलेली आणि निवृत्तीनंतर येथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. सौम्य हवा, रुंद रस्ते आणि सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर, विजयनगर यांसारख्या वसाहतींतील स्वतंत्र दुमजली घरे यांचे आकर्षण त्यामागे असते. घर बांधताना मालक पन्नाशीत असतो. शयनगृहे वरच्या मजल्यावर, देवघर आणि स्वयंपाकघर खाली, अशी रचना त्या वयात सोयीची वाटते. पुढे वीस वर्षांनी तोच जिना दिवसातून दहा वेळा चढावा-उतरावा लागतो आणि घरातील सर्वांत अवघड जागा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. हे सर्वच मृत्यू जिन्यावरचे नसतात हे खरे. परंतु घरात पडण्याच्या जागांचा विचार करताना न्हाणीघर आणि जिना या दोहोंकडे आधी पाहावे लागते.

गालिच्याला कन्नड भाषेत ‘रत्नगंबळी’ असा सुंदर शब्द आहे. रत्नासारखी कंबळी, म्हणजेच आपले कांबळे. या नावामुळे डोळ्यांपुढे राजवाडा उभा राहतो आणि म्हैसुरात ते स्वाभाविकही आहे. सन १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाल्यावर हेन्री अर्विन यांच्या आराखड्यानुसार आजचा राजवाडा उभा राहिला. तो १९१२ मध्ये पूर्ण झाला. पुढे १९२१ मध्ये मुंबईचे वास्तुविशारद ई. डब्ल्यू. फ्रिचली यांनी रचलेल्या ललित महालाच्या संगमरवरी जिन्याचे कौतुक आजही होते. राजवाड्यातील जिना मात्र दहा-बारा फूट रुंद असतो, त्याच्या पायऱ्या उथळ असतात आणि गालिचा झाडायला माणसे असतात. साडेतीन फूट रुंदीच्या घरगुती जिन्याला तो न्याय लावता येत नाही. येथे गालिचा हा पायरीचाच एक भाग बनतो. पायरीचे माप, तिची कड, तिची पकड हे सारे त्याच्यामुळे बदलते. म्हणून नमुन्यांची पुस्तिका उघडण्यापूर्वी जिना पाहावा लागतो.

पायरीचे गणित

पायरीचा पाय ठेवायचा आडवा भाग म्हणजे गवंड्याच्या भाषेत ‘ट्रेड’ आणि उभा भाग म्हणजे ‘रायझर’. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत ट्रेड किमान २५० मिलिमीटर आणि रायझर कमाल १९० मिलिमीटर असावा लागतो. जिना या मर्यादेच्या अगदी काठावर असेल, म्हणजे पायरी अरुंद आणि उंच असेल, तर त्यावर जाड व मऊ गालिचा घालणे धोक्याचे. पायरीची धारदार कड गालिच्यामुळे गोलसर होते. उतरताना पावलाचा पुढचा भाग नेमका तेथेच टेकतो आणि खाली आधार असल्याचा भास होऊन मऊ कड दबते. वरकरणी पायरी तेवढीच रुंद दिसते, पण पावलाला मिळणारा भक्कम आधार कमी झालेला असतो.

दुसरी गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. समजा, जिन्याच्या सर्व पायऱ्या सारख्या, १७५ मिलिमीटर उंचीच्या आहेत. त्यावर ८ मिलिमीटरचा गालिचा आणि त्याखाली ७ मिलिमीटरचे अस्तर, अशी १५ मिलिमीटर जाडी आली. मधल्या पायऱ्यांच्या उंचीत काहीच फरक पडत नाही, कारण प्रत्येक पायरी सारखीच वर उचलली गेली. परंतु खालच्या मजल्याची फरशी उघडी आहे, म्हणून पहिली पायरी १९० मिलिमीटरची झाली. वरच्या मजल्याची फरशीही उघडी आहे, म्हणून शेवटची पायरी १६० मिलिमीटरची उरली. एकाच जिन्यात ३० मिलिमीटरचा फरक! अमेरिकेच्या निवासी इमारत संहितेत एका जिन्यातील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या पायरीत साडेनऊ मिलिमीटरपेक्षा अधिक अंतर चालत नाही. हा नियम उगीच केलेला नाही. माणूस जिना डोळ्यांनी पाहून चढत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे पाऊल त्या सवयीने उचलले जाते. सवय जेथे फसते तेथे ठेच लागते.

याचे उपाय दोन आहेत. गालिचा आणि अस्तर मिळून जाडी शक्य तितकी कमी ठेवावी. दहा मिलिमीटरच्या आत राहिल्यास उत्तम. आणि वरच्या मजल्यावर जिना जेथे संपतो तेथे गालिचा एकदम न तोडता मार्गिकेत काही फूट पुढे न्यावा, म्हणजे शेवटच्या पायरीची उंची पूर्ववत राहते. मधल्या लँडिंगलाही हाच न्याय. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर गालिचा आणि लँडिंग मात्र उघडे, असे केल्यास आणखी दोन ठिकाणी उंची बदलते. जिन्याच्या पायथ्याशी सुटे पायपुसणे ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब सोडून द्यावी, मग गालिचा घालायचा असो वा नसो.

कोणता धागा, कोणती वीण

परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलण्यात एक अडचण आहे. तेथे बूट घालून घरात वावरण्याची रीत अनेक ठिकाणी असल्याने चिखल आणि टाचेची झीज यांचा विचार आधी होतो. आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात. आपले प्रश्न वेगळे आहेत : न्हाणीघरातून येणारी ओली पावले, तेल लावलेले तळवे, उघड्या खिडक्यांतून येणारी धूळ आणि रोज सकाळी फिरणारे ओले फडके. म्हैसूरचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण तो मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. एकदा भिजलेला जाड गालिचा या दिवसांत लवकर सुकत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो.

लोकर हा जिन्यासाठी जुना आणि विश्वासाचा धागा. दबलेली लोकर पुन्हा उभी राहते, ती सहजासहजी पेट घेत नाही, पावलाला उबदार लागते. भदोही-मिर्झापूर परिसर लोकरी गालिच्यांसाठी विख्यात आहे आणि भदोहीच्या हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मात्र हाताने गाठी मारून विणलेला मौल्यवान गालिचा जिन्यावर कापून घालणे म्हणजे पैठणीचे पडदे शिवण्यासारखे होईल. जिन्यासाठी आखूड आणि दाट लवेची, यंत्रावर किंवा हातमागावर सलग पट्टीत विणलेली लोकर योग्य. लोकरीला कसर लागते हे ध्यानात ठेवावे. हातविणीचा माल घेताना तो बालमजुरीविना तयार झाला आहे की नाही याची विचारणा जरूर करावी. १९९४ साली सुरू झालेली आणि आता ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखली जाणारी खूणचिठ्ठी त्याचसाठी आहे.

नायलॉन हा कृत्रिम धाग्यांत सर्वांत टिकाऊ. लोकर आणि नायलॉन यांचे मिश्रण जिन्याला फार चांगले चालते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पाण्याला दाद न देणारे आणि कसर न लागणारे, पण एकदा दबले की दबलेच. शिवाय उष्णतेने ते वितळते. दिवाळीत जिन्याच्या कडेला पणत्या मांडण्याची हौस असलेल्या घरांनी हा मुद्दा विसरू नये.

केरळातील अलप्पुळा येथे १८५९ पासून काथ्याच्या चटया कारखान्यात विणल्या जात आहेत. काथ्या दिसायला साधा-सुंदर आणि टिकायला चिवट, परंतु अनवाणी तळव्यांना तो टोचतो. घरात आजी-आजोबा आणि रांगणारे मूल असेल तर तो दारापुढेच बरा. सुती सतरंजीचे म्हणाल, तर म्हैसूरच्या रहिवाशाला ती शोधायला राज्याबाहेर जावे लागत नाही. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद येथे स्त्रिया उभ्या मागावर मोर आणि भौमितिक आकृत्या विणतात. त्या सतरंज्यांना तेथे ‘जमखाना’ म्हणतात. मराठीतही हा शब्द जुन्या घरांत ऐकू येई. नवलगुंदच्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकन आहे. त्या पातळ असतात, म्हणून उंचीच्या गणितात उत्तम बसतात आणि धुता येतात. पण सुती सतरंजी गुळगुळीत दगडावर पापडासारखी सरकते. ती जिन्यावर घालायचीच तर प्रत्येक पायरीवर पक्की जखडली पाहिजे. नुसती अंथरलेली सतरंजी ही जिन्यावरील सर्वांत धोकादायक वस्तू होय.

दुकानात दोन परीक्षा कोणालाही करता येतात. नमुन्याचा तुकडा लव बाहेर ठेवून टेबलाच्या कडेवर दुमडावा. दुमडीतून मागचे जाळीदार कापड दिसू लागले तर लव विरळ आहे असे समजावे; पायरीच्या कडेवर तो गालिचा असाच विचकेल आणि तेथेच आधी झिजेल. मग तळहात लवेवरून दोन्ही दिशांनी फिरवावा. एका दिशेने हात सरळ जातो, उलट दिशेने लव उभी राहते. जिन्यावर लव खालच्या दिशेने झुकलेली असावी, म्हणजे वरून खाली हात फिरवला असता तो सरळ गेला पाहिजे. असे केल्याने कडेवर वीण कमी विचकते आणि गालिचा समान झिजतो. दोन तुकडे जोडताना लवेची दिशा चुकली तर एकाच गालिच्याच्या दोन छटा दिसतात, आणि तो दोष नंतर दुरुस्त होत नाही. लव कापलेली न ठेवता फासांची ठेवलेला गालिचा टिकाऊ असतो, परंतु घरात मांजर असेल किंवा पायात जोडवी-पैंजण असतील तर फास ओढले जातात.

रंग आणि नक्षी यांबाबत घरातील तरुण आणि वृद्ध यांचे मतभेद होतात, आणि येथे वृद्धांचा कौल मानावा. दाट भरगच्च नक्षी जिन्याच्या उंचसखलपणात मिसळून जाते आणि एक पायरी कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते हे क्षीण दृष्टीला उमगत नाही. काळपट एकरंगी गालिच्याचीही तीच गत. मध्यम छटेचा, साधा किंवा बारीक ठिपक्यांचा गालिचा धूळही लपवतो आणि कडही दाखवतो. आडव्या पट्ट्या मोहक दिसतात, पण त्या प्रत्येक पायरीवर वेगळ्या जागी येतात आणि खोट्या कडेचा भास निर्माण करतात.

माप घेताना

जिन्याची संपूर्ण रुंदी झाकावी की मध्यावर पट्टी घालावी? म्हैसूरसारख्या ठिकाणी, जेथे पायऱ्या ग्रॅनाइटच्या किंवा जुन्या घरांत तांबड्या रेड ऑक्साइडच्या असतात, तेथे पट्टीच श्रेयस्कर. दगडाचे सौंदर्य दोन्ही बाजूंनी दिसते, कडेची धूळ पुसता येते आणि पुढे गालिचा काढायचा झाल्यास जिना फारसा बिघडत नाही. इंग्लंडमध्ये मागावर विणल्या जाणाऱ्या गालिच्याची पारंपरिक रुंदी २७ इंच होती आणि जिन्याच्या पट्टीसाठी तेच माप आजही सोयीचे आहे. साडेतीन फुटी जिन्यावर त्यामुळे दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात इंच जागा उरते. एक पथ्य मात्र पाळावे : ज्या बाजूला कठडा आहे त्या बाजूने चालणाऱ्याचे पाऊल पूर्णपणे पट्टीवर पडले पाहिजे. अर्धे पाऊल गालिच्यावर आणि अर्धे दगडावर ही स्थिती वाईट.

लांबीचा हिशेब असा. मजल्याची उंची १० फूट, रायझर सुमारे ७ इंच आणि ट्रेड १० इंच असलेल्या, मध्ये लँडिंग घेऊन वळणाऱ्या जिन्यात १७ रायझर आणि लँडिंग वगळता १५ ट्रेड येतात. रायझरचे ११९ इंच आणि ट्रेडचे १५० इंच मिळून २६९ इंच झाले. प्रत्येक कडेवरून वळण्यासाठी आणि अस्तराच्या जाडीसाठी साधारण एक इंच धरल्यास आणखी १७ इंच, एकूण २८६. जुन्या इंग्रजी गृहव्यवस्थेत यावर दीड फूट लांबी मुद्दाम अधिक घेत आणि ती टोकाला दुमडून ठेवीत. जिन्याच्या दोन भागांसाठी दोनदा दीड फूट धरले की बेरीज ३२२ इंचांवर, म्हणजे सुमारे २७ फुटांवर जाते. लँडिंगचा तुकडा निराळा. या ज्यादा लांबीचा उपयोग पुढे येईल. दुकानदार ती ‘वाया जाणारी’ म्हणून कमी करू पाहतो, तेव्हा ठाम राहावे. जिन्याच्या वळणावर तिरक्या, त्रिकोणी पायऱ्या असतील तर सलग पट्टी तेथे चालत नाही. प्रत्येक पायरीचा कागदी साचा कापून तुकडा बेतावा लागतो आणि खर्चही त्या प्रमाणात वाढतो.

खर्चाविषयी एक गोष्ट ग्राहकांनी समजून घ्यावी. घराचे मूल्यांकन करणारा अभियंता जमीन आणि बांधकाम पाहतो, अंथरलेला गालिचा त्याच्या हिशेबात धरला जात नाही. हा खर्च सोयीचा आणि सुरक्षिततेचा आहे. घर विकताना तो वसूल होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

बसवणी

चांगला गालिचा वाईट रीतीने बसवला तर तो नसलेला बरा, आणि साधा गालिचा कसोशीने बसवला तर तो वीस वर्षे सेवा देतो. सपाट खोलीत किंवा कार्यालयात गालिचा चिकटवणारे कारागीर पुष्कळ मिळतात. जिन्याचे काम केलेले थोडे असतात. म्हणून आधी केलेला एखादा जिना प्रत्यक्ष पाहावा, आणि शक्य असल्यास तो किमान वर्षभरापूर्वीचा असावा.

प्रथम अस्तर. गालिच्याखाली काहीच नसेल तर पाऊल आणि दगडाची कड यांच्यामध्ये सापडून तो कडेवर लवकर फाटतो. फार मऊ फोम घातला तर पाय डळमळतो. घट्ट दाबलेला नमदा किंवा रबराचा पातळ थर, तोही ट्रेडवर आणि कडेवरून खाली वळवलेला, ही मध्यम वाट. अस्तराचे तुकडे पायरीगणिक वेगळे असतात, गालिचा मात्र सलग असतो.

गालिचा कडेवरून खाली सोडण्याच्या पद्धती दोन. पहिलीत तो धबधब्यासारखा कडेवरून सरळ पुढच्या पायरीच्या खोबणीपर्यंत उतरतो. दुसरीत तो कडेखाली आत वळवून रायझरला घट्ट चिकटून नेला जातो. दुसरी अधिक रेखीव दिसते आणि पावलाला कड स्पष्ट जाणवते, म्हणून वृद्ध असलेल्या घरात तिला प्राधान्य द्यावे. पण प्रत्येक कडेखाली तो जखडावा लागत असल्याने श्रम अधिक, आणि पुढे सरकवणे अवघड. पहिली पद्धत सरकवण्याच्या दृष्टीने सोयीची. येथे घरच्या माणसांनीच काय हवे ते ठरवायचे असते.

खरी कसोटी जखडण्याची. जुन्या म्हैसुरी घरांतील सागवानी जिन्यावर काम सोपे. तेथे गालिचा झाकण्यापूर्वी लाकडाला वाळवी नाही ना हे मात्र तपासावे, कारण पुढे ती दिसणार नाही. लाकडावर तिरक्या टोकदार खिळ्यांची पट्टी, जिला कारागीर ‘ग्रिपर’ म्हणतात, ती ट्रेड आणि रायझर यांच्या कोपऱ्यात ठोकतात, दोहोंत थोडी फट ठेवतात आणि गालिचा त्या फटीत घट्ट दाबतात. ग्रॅनाइटवर हातोडीने खिळे ठोकणे म्हणजे दगड तडकवण्याला आमंत्रण. तेथे योग्य ड्रिल सावकाश चालवून भोक पाडावे, त्यात प्लग बसवून स्क्रूने पट्टी आवळावी. ही भोके कायमची असतात, हे काम सुरू होण्यापूर्वीच मान्य केलेले बरे. भोके नकोत म्हणून केवळ डिंकासारख्या चिकटद्रव्यावर भिस्त ठेवणारे पुष्कळ आहेत. मेण लावून चकचकीत केलेल्या रेड ऑक्साइडवर ते मेणाला चिकटते आणि मेणासकट सुटते. आणि जेथे पक्के चिकटते तेथून ते काढताना जुन्या जमिनीचा पोपडा निघतो. अशी जमीन पुन्हा करणारे गवंडी आता विरळ झाले आहेत, तेव्हा त्या जिन्यावर हा प्रयोग टाळावा.

पितळी दांड्यांची जुनी रीत अजूनही उपयुक्त आहे. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात आडवी दांडी आणि दोन टोकांना दोन कड्या. पट्टीच्या बाहेर, उघड्या दगडात पायरीमागे दोनच भोके लागतात आणि दांड्या सोडवल्या की गालिचा निघतो. मात्र नुसती दांडी गालिच्याला पूर्ण ताण देत नाही. तिच्या जोडीला पहिल्या व शेवटच्या पायरीशी पक्की पकड हवीच. दुहेरी चिकटपट्टी लावून पायरीपुरते सुटे तुकडे बसवण्याची पद्धत स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे. तिच्यात एक मोठा दोष राहतो : तुकडा कडेच्या अलीकडे इंचभर संपतो, आणि पाय घसरण्याची जागा, म्हणजे कड, तशीच गुळगुळीत राहते.

देयकात गालिच्याचा धागा, लांबी, रुंदी, अस्तराची जाडी, जखडण्याची पद्धत आणि बसवणीची मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. उरलेला तुकडा ग्राहकाचा असतो. तो मागून घ्यावा. जळक्या किंवा फाटक्या जागी ठिगळ लावायला त्याच रंगाचा दुसरा तुकडा पुढे मिळत नाही.

गालिचा नको तेथे

काही जिन्यांवर गालिचा घालूच नये. म्हैसूरच्या अनेक घरांत वरचा मजला भाड्याने देण्यासाठी जिना बाहेरच्या बाजूने काढलेला असतो. पावसाच्या शिंतोड्यांत तेथे कोणताही गालिचा कुजेल. धुळीने दमा बळावणारी व्यक्ती घरात असेल आणि व्हॅक्यूम क्लीनर नियमित फिरणार नसेल, तर गालिच्याच्या लवेत साठणारी धूळ नवे दुखणे आणील. आणि ज्यांना पाऊलच नीट उचलता येत नाही, फरफटत टाकावे लागते, त्यांना लव अडखळवते. अशा वेळी गवंड्याकडून प्रत्येक पायरीच्या कडेजवळ दोन-तीन आडव्या खाचा पाडून घेणे, किंवा खरखरीत पट्टी बसवणे पुरेसे असते. घर बांधले जात असतानाच विचार केला तर जिन्यासाठी पूर्ण घासलेला ग्रॅनाइट न निवडता खरखरीत ठेवलेला घेता येतो, म्हणजे चामुंडीच्या पायऱ्यांचा गुण घरात आणता येतो. गालिचा असो वा नसो, दोन्ही बाजूंना हात पोहोचेल असा कठडा, आणि वर-खाली दोन्हीकडून लावता येणारा दिवा, या गोष्टी आधी असाव्यात. त्यांच्यावरचा खर्च वाचवून गालिचा घेणे हे उलटे धोरण झाले.

बसवल्यानंतरचे पहिले पथ्य म्हणजे ओले फडके. जिना पुसणाऱ्या बाईंना पट्टीच्या कडेपासून चार बोटे दूर फडके पिळून फिरवायला सांगावे. बादली जिन्यावर ठेवू नये. केरसुणीने लवेच्या दिशेने, वरून खाली झाडावे. पाणी किंवा दूध सांडल्यास घासू नये, कोरड्या सुती कापडाने टिपावे.

आणि मग ती ज्यादा ठेवलेली लांबी. झीज नेहमी कडेवर होते, ट्रेडच्या मागच्या भागात आणि रायझरवर जवळपास होतच नाही. वर्षातून एकदा गालिचा सोडवून तीन-चार इंच वर किंवा खाली सरकवला, की झिजलेला भाग रायझरवर जातो आणि ताजा भाग कडेवर येतो. दीड फूट लांबीत चार-पाच वेळा असे करता येते. म्हैसुरात यासाठी दसऱ्याआधीचे दिवस सोयीचे. घरोघरी बाहुल्यांच्या मांडणीसाठी पायऱ्या रचून त्यांवर पांढरे वस्त्र अंथरले जाते, तेव्हा घराची झाडलोट होतेच. त्याच वेळी जिन्यावरील गालिचा काढून उन्हात उलटा पसरावा, खालच्या दगडावर ओलीचे डाग आहेत का ते पाहावे, प्रत्येक पट्टीचे स्क्रू पिळून आवळावेत, सैल झालेली पायरी हाताने दाबून ओळखावी आणि मगच गालिचा पुन्हा ताणून घालावा. दोन माणसांना या कामाला साधारण अर्धा दिवस लागतो.